पार्सल जिथे, कर तिथे: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी ऑनलाइन खरेदी, राज्याचा कर आणि खरेदीची गुप्तता

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या पत्त्यावर ८० डॉलरचा प्रेशर कुकर मागवा. घरपोच आणण्याचे १० डॉलर धरा. कार्डावरून जातील ९५ डॉलर ९६ सेंट. वरचे ५ डॉलर ९६ सेंट हा राज्याचा सेल्स टॅक्स. तोच कुकर ओरेगनमधल्या मित्राच्या पत्त्यावर पाठवला तर ९० डॉलरच जातील, आणि टेक्सासमध्ये प्लेनोला मागवला तर ९७ डॉलर ४३ सेंट.

छापील किमतीत सगळे कर धरलेले असायची आपल्याला भारतातून सवय असते. इथे दाखवलेली किंमत कराविना असते आणि कर शेवटच्या पानावर चढतो. इथवर आठवडाभरात कुणालाही कळते. कळत नाही ती पुढची गोष्ट: दुकानदाराने कर लावला नाही म्हणून तो माफ होत नाही. तो तुमच्या नावावर राहतो. दुकानाने वसूल न केलेला कर राज्याला हवा असेल, तर कुणी काय विकत घेतले हे राज्याला शोधावे लागते. म्हणून कर आणि खरेदीची गुप्तता हे दोन्ही विषय आम्ही इथे एकत्र घेतले आहेत.

पहिली पायरी: तुमचे राज्य कोणत्या गटात बसते ते पाहा

अमेरिकेत केंद्र सरकारचा विक्रीकर नाही. ४५ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन डी. सी. यांचे आपापले सेल्स टॅक्स आहेत. ओरेगन, माँटाना, न्यू हॅम्पशायर, डेलावेअर आणि अलास्का या पाच राज्यांत राज्याचा सेल्स टॅक्स नाही. त्यातही अलास्कात गावोगावच्या नगरपालिका स्वतःचा कर लावू शकतात.

राज्याच्या दरावर काउंटी, शहर, कधी वाहतूक-जिल्हा यांचे दर चढतात. न्यू जर्सीत सगळीकडे सरसकट ६.६२५ टक्के, त्यामुळे तिथे हिशेब सोपा. टेक्सासचा दर ६.२५, त्यावर स्थानिक जास्तीत जास्त २, म्हणजे एकूण ८.२५. न्यू यॉर्क शहरात राज्याचे ४, शहराचे ४.५ आणि वाहतूक-जिल्ह्याचे ०.३७५ मिळून ८.८७५. कॅलिफोर्नियात ७.२५ हा तळाचा दर, त्याच्या वर प्रत्येक शहर-काउंटीचा वेगळा चढ.

दर शोधताना झिप कोडवर विसंबू नका. एकाच पाच आकडी झिप कोडात दोन नगरपालिका येतात, आणि रस्त्याच्या एका बाजूचा दर दुसऱ्या बाजूला लागू नसतो. कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यू यॉर्कच्या करखात्यांच्या संकेतस्थळांवर पूर्ण पत्ता टाकून दर पाहायची सोय आहे. घर भाड्याने घेतलेत की एकदा तिथे पत्ता टाका आणि आकडा टिपून ठेवा. पुढे एखाद्या बिलाची शंका आली तर तोच आकडा उपयोगी पडेल.

विद्यार्थी व्हिसा, एच-१बी किंवा पाहुणा म्हणून आलेले आई-वडील, यांपैकी कुणालाही या करातून सूट नाही. युरोपात विमानतळावर कर परत मिळतो तशी देशव्यापी सोयही इथे नाही.

दुसरी पायरी: बिल वाचायला शिका

ऑनलाइन खरेदीवर कर ठरतो तो माल जिथे पोहोचतो त्या पत्त्यावरून. कार्डाचा पत्ता कुठला आहे याला महत्त्व नाही. नवख्यांची सर्वात जास्त वेळा होणारी चूक इथेच आहे: डॅलसला बदली झाली, पण खात्यात जर्सी सिटीचा जुना पत्ता पहिला राहिला. पार्सल चुकीच्या गावी जाते ते दिसते तरी. डाउनलोड करायच्या वस्तू आणि सबस्क्रिप्शन यांच्या बाबतीत पार्सलच नसते, तिथे दुकान तुमच्या खात्यातला पत्ताच धरते आणि महिनोन्‌महिने जुन्या राज्याचा कर लागत राहतो. घर बदलले की त्याच दिवशी सर्व खात्यांतला पत्ता आणि कार्डाचा पत्ता दोन्ही बदला.

कशावर कर लागतो हे राज्यागणिक वेगळे आहे. आपल्या लोकांच्या खरेदीत वरचेवर येणाऱ्या गोष्टी पाहू.

कपडे. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि मिनेसोटा इथे रोजच्या कपड्यांवर कर नाही. न्यू यॉर्क राज्य ११० डॉलरच्या आतल्या नगाला कर लावत नाही, पण नग ११० किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल तर पूर्ण किमतीवर लावते. मॅसॅच्युसेट्समध्ये सीमा १७५ डॉलर, आणि तिथे कर फक्त वरच्या रकमेवर. म्हणजे २०० डॉलरचा कोट बॉस्टनला मागवला तर २५ डॉलरवरच ६.२५ टक्के. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात कपड्यांना कायमची सूट नाही. टेक्सासमध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला तीन दिवसांची करसुट्टी असते. त्या दिवसांत १०० डॉलरच्या आतल्या बहुतेक कपड्यांवर आणि शाळेच्या सामानावर कर नसतो आणि ऑनलाइन ऑर्डरलाही तो नियम लागू पडतो.

किराणा. डाळ, तांदूळ, मसाले, लोणची यांवर न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये कर नाही. टेनेसीत किराण्यावरही राज्याचे ४ टक्के लागतात.

घरपोच आणण्याचा खर्च. न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि टेक्सासमध्ये मालावर कर असेल तर आणणावळीवरही असतो. कॅलिफोर्नियात ती बिलात वेगळी दाखवली असेल, कुरियरने किंवा पोस्टाने माल आला असेल आणि रक्कम खऱ्या खर्चाइतकीच असेल, तर तिच्यावर कर नाही.

कूपन. दुकानाने दिलेल्या सवलतीने करपात्र किंमत घटते. माल बनवणाऱ्या कंपनीच्या कूपनने न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियात ती घटत नाही, कारण दुकानाला तेवढे पैसे कंपनीकडून मिळतातच. २० डॉलरच्या वस्तूवर ५ डॉलरचे कंपनी-कूपन लावले तर तुम्ही १५ देता, कर मात्र २० वर. अनेकांना ही गल्लत वाटते. ती गल्लत नाही.

गिफ्ट कार्ड घेताना कर लागत नाही, वापरताना लागतो.

बिलात कराशेजारी आणखी छोट्या रकमा दिसतील. कोलोरॅडोत २०२२ च्या जुलैपासून घरपोच ऑर्डरमागे एक शुल्क आहे, ते २७ सेंटांपासून सुरू झाले. मिनेसोटात जुलै २०२४ पासून १०० डॉलर आणि त्यावरच्या ऑर्डरला ५० सेंट. कॅलिफोर्नियात टीव्ही, लॅपटॉप अशा पडद्याच्या वस्तूंवर ई-कचऱ्याचे शुल्क असते. हे सगळे कायदेशीर आहे, दुकानाने मनाने लावलेले नाही.

तिसरी पायरी: कर लागलाच नाही तर

आता खरा विषय. प्रत्येक सेल्स टॅक्सला एक जुळा भाऊ आहे, त्याचे नाव यूज टॅक्स. दर तोच, नियम तेच. फरक इतकाच की तो दुकानदार गोळा करत नाही, खरेदी करणाऱ्याने स्वतः भरायचा असतो. राज्याबाहेरून कराविना आणलेली करपात्र वस्तू तुम्ही राज्यात वापरू लागलात की तो देणे होतो.

हे असे का, त्याला इतिहास आहे. १९६७ मध्ये बेलास हेस आणि १९९२ मध्ये क्विल या कंपन्यांच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्या विक्रेत्याचे राज्यात दुकान, गोदाम किंवा माणसे नाहीत, त्याला कर गोळा करायला राज्य भाग पाडू शकत नाही. तेव्हा प्रश्न टपालाने माल विकणाऱ्यांचा होता. इंटरनेट आले आणि तीच फट पुढे राज्यांना महागात पडली. २१ जून २०१८ ला साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी हा नियम गेला. राज्याबाहेरच्या विक्रेत्याने कर गोळा करावा यासाठी साउथ डकोटाच्या कायद्यात अट होती ती राज्यात वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक विक्री किंवा २०० व्यवहार. त्यानंतर सेल्स टॅक्स असलेल्या सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले. मिसुरीचा सर्वात शेवटी, १ जानेवारी २०२३ ला लागू झाला. प्रत्येकाची मर्यादा वेगळी: कॅलिफोर्निया आणि टेक्सासची पाच लाख डॉलर, न्यू जर्सीची एक लाख डॉलर किंवा २०० व्यवहार.

याच काळात मार्केटप्लेसचे कायदेही आले. अ‍ॅमेझॉन, ई-बे, एट्सी यांसारख्या मंचांवर विक्रेता कुणीही आणि कुठलाही असो, कर गोळा करायची जबाबदारी मंचाची.

त्यामुळे तुमची बहुतांश खरेदी आज आपोआप करासह होते. कराविना राहते ती मुख्यतः चार ठिकाणी: मर्यादेच्या आत विक्री असलेल्या छोट्या संकेतस्थळांवर, थेट भारतातून मागवलेल्या मालावर, कर नसलेल्या राज्यातून आणलेल्या वस्तूंवर, आणि तुम्ही कमी दराच्या राज्यात कर भरून आणलेल्या वस्तूंवर (फरकापुरती).

भारतातल्या खरेदीचे उदाहरण घ्या, कारण गणपती-दिवाळीच्या आधी हे प्रत्येक घरात होते. येवल्याच्या किंवा पुण्याच्या दुकानातून व्हॉट्सअ‍ॅपवर ४०० डॉलरची पैठणी ठरवली, पैसे पाठवले, कुरियरने घरी आली. एडिसनमध्ये साडी हा कपडा, म्हणून यूज टॅक्स शून्य. प्लेनोत ८.२५ टक्क्यांनी ३३ डॉलर. न्यू यॉर्क शहरातल्या क्वीन्समध्ये ११० च्या वरची असल्याने पूर्ण ४०० वर ८.८७५ टक्के, म्हणजे ३५ डॉलर ५० सेंट. सोबत चांदीचे ताम्हन मागवले असेल तर ते एडिसनलाही करपात्र. २०० डॉलरच्या ताम्हनावर १३ डॉलर २५ सेंट. हीच साडी एट्सीवरून घेतली तर हा हिशेब मंच करतो.

सीमाशुल्क हे याहून वेगळे देणे आहे. पूर्वी ८०० डॉलरपर्यंतचे पार्सल सीमाशुल्काविना यायचे; २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सरसकट सूट थांबवण्यात आली. कुरियर कंपनीने दारात शुल्क घेतले म्हणून राज्याचा यूज टॅक्स फिटला असे समजू नका. एक केंद्राचा, एक राज्याचा.

डेलावेअरचेही सांगायला हवे. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियातले अनेक जण नवा फोन घ्यायला गाडी काढून तिथल्या क्रिस्टियाना मॉलला जातात. डेलावेअरमध्ये तो व्यवहार पूर्ण कायदेशीर आहे. पण १,००० डॉलरचा फोन घेऊन न्यू जर्सीत घरी आलात की ६६ डॉलर २५ सेंट यूज टॅक्स देणे लागते. तोच फोन पेनसिल्व्हेनियात ६ टक्के भरून घेतला असेल तर तेवढे वजा होतात आणि उरतात ६ डॉलर २५ सेंट. पावती नसेल तर ही वजावट मागता येत नाही.

चौथी पायरी: यूज टॅक्स भरा, फार तर दहा मिनिटे लागतात

वर्षभर एक साधी वही किंवा शीट ठेवा. चार रकाने पुरतात: तारीख, रक्कम, करपात्र आहे की नाही, दुकानाने किती कर घेतला. कर शून्य दिसला आणि वस्तू करपात्र असली तरच नोंद करायची.

राज्याचा वैयक्तिक प्राप्तिकर असेल तर यूज टॅक्सची ओळ त्याच विवरणपत्रात असते. न्यू जर्सीच्या एनजे-१०४०, न्यू यॉर्कच्या आयटी-२०१, कॅलिफोर्नियाच्या ५४०, पेनसिल्व्हेनियाच्या पीए-४० आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या डी-४०० या अर्जांत ती सापडेल. विवरणपत्र भरून देणारे सॉफ्टवेअर हा प्रश्न एका ओळीत विचारते आणि बहुतेक जण न वाचता पुढे जातात. तिथे थांबा. काही देणे नसेल तर शून्य लिहा. न्यू यॉर्कच्या सूचना ही ओळ कोरी सोडू नका असे स्पष्ट सांगतात, आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या अर्जात देणे नाही हे प्रमाणित करायला वेगळे वर्तुळ भरावे लागते.

पावत्या ठेवल्या नसतील तर न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियात उत्पन्नावर आधारित तक्ता आहे. न्यू जर्सीच्या तक्त्यात ७५ हजारांवर ते एक लाख डॉलर उत्पन्नाला १०६ डॉलर असे आकडे असतात. ते दरवर्षीच्या पुस्तिकेत पडताळून घ्या. तिन्ही राज्यांत तक्ता चालतो तो १,००० डॉलरच्या आतल्या वस्तूंपुरता. त्याहून महाग वस्तूचा कर स्वतंत्र काढून मिळवायचा. आमचे मत विचाराल तर तक्ता हा शेवटचा उपाय. बहुतेक दुकाने आता स्वतःच कर घेतात, त्यामुळे नवख्या कुटुंबाचे खरे देणे तक्त्यापेक्षा पुष्कळ कमी निघते.

लक्षात घ्या, या ओळीत फक्त रक्कम लिहायची असते. काय घेतले, कुणाकडून घेतले याची यादी जोडायची नसते.

टेक्सास आणि वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, म्हणून यूज टॅक्स स्वतंत्र अर्जाने भरावा लागतो. टेक्सासचा अर्ज ०१-१५६ क्रमांकाचा आहे. वर्षाचे देणे १,००० डॉलरच्या आत असेल तर तो पुढच्या वर्षी २० जानेवारीपर्यंत एकदाच भरता येतो.

पाचवी पायरी: राज्याला तुमच्या खरेदीचे काय काय कळते

दुकान कर गोळा करते तेव्हा राज्याकडे जाणाऱ्या विवरणपत्रात एकूण विक्री, करपात्र विक्री आणि भागवार कर असे आकडे असतात. ग्राहकांची नावे त्यात नसतात. तुम्ही मानसिक आरोग्यावरचे पुस्तक घेतले की पोळपाट, राज्याला त्याची गरज नाही. त्याचा पैसा त्याला मिळाला आहे.

कर गोळा होत नाही तेव्हा चित्र पालटते. नॉर्थ कॅरोलिनाच्या करखात्याने डिसेंबर २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनकडे लेखापरीक्षणासाठी त्या राज्यातल्या ग्राहकांच्या सर्व विक्रीची माहिती मागितली. काळ होता ऑगस्ट २००३ ते फेब्रुवारी २०१० आणि वस्तू जवळपास पाच कोटी. अ‍ॅमेझॉनने वस्तूंचे तपशील, शहर आणि झिप कोड दिले, नावे दिली नाहीत. खात्याने नावे आणि पत्ते मागितल्यावर कंपनी एप्रिल २०१० मध्ये सिअ‍ॅटलच्या संघीय न्यायालयात गेली. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही नागरी हक्कांची संघटना ग्राहकांच्या बाजूने खटल्यात उतरली, आणि ते ग्राहकही निनावी राहिले, कारण कोणती पुस्तके घेतली हे उघड होण्याचीच त्यांना भीती होती.

२५ ऑक्टोबर २०१० ला न्यायाधीश मार्शा पेचमन यांनी निकाल दिला. वस्तूंचे तपशील खात्याच्या हाती असताना त्यांना नावे जोडून मागणे हे राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा, म्हणजे अभिव्यक्ती आणि वाचन-स्वातंत्र्याचा, भंग आहे. शिवाय चित्रफितींच्या बाबतीत १९८८ चा व्हिडिओ प्रायव्हसी प्रोटेक्शन अ‍ॅक्टही आड येतो. हा कायदा जन्मला तोही एका यादीतून: १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले गेलेले रॉबर्ट बोर्क यांनी दुकानातून भाड्याने घेतलेल्या व्हिडिओंची यादी वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने छापली होती.

निकालातली बारीक गोष्ट आजही उपयोगाची आहे. धोका नुसत्या नावात नाही आणि नुसत्या पुस्तकाच्या शीर्षकातही नाही. धोका दोन्ही एका ओळीत येण्यात आहे. नाव आणि एकूण रक्कम एवढेच मागितले तर? कोलोरॅडोने २०१० मध्ये नेमका तसाच कायदा केला. कर न घेणाऱ्या मोठ्या विक्रेत्याने तीन गोष्टी करायच्या: प्रत्येक बिलावर यूज टॅक्स देणे असू शकतो असे लिहायचे, वर्षाला ५०० डॉलरहून जास्त खरेदी केलेल्या ग्राहकाला ३१ जानेवारीपर्यंत वर्षाची यादी टपालाने पाठवायची, आणि १ मार्चपर्यंत राज्याला प्रत्येक ग्राहकाचे नाव, पत्ते आणि एकूण रक्कम कळवायची. वस्तूंची नावे राज्याला द्यायची नव्हती. विक्रेत्यांच्या संघटनेने हा कायदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, पण अपील न्यायालयाने २०१६ मध्ये तो वैध ठरवला आणि जुलै २०१७ पासून अंमल सुरू झाला. पेनसिल्व्हेनिया, लुइझियाना यांसारख्या राज्यांनी त्याच धर्तीचे नियम केले.

म्हणून तुमच्याकडे जानेवारीत एखाद्या दुकानाचे जाड पाकीट आले आणि वर आत महत्त्वाचा करविषयक कागद असल्याची सूचना छापलेली असली, तर ते जाहिरात समजून फेकू नका. त्यात खरेदीच्या तारखा आणि रकमा असतात. तेवढी रक्कम राज्यालाही कळली आहे असे धरूनच यूज टॅक्सची ओळ भरा. मात्र अशा खऱ्या सूचनेत दुकानाकडे पैसे पाठवायला कधीच सांगितलेले नसते. कर परत मिळणार आहे, लिंक दाबून बँकेचा तपशील द्या, असा फोनवर आलेला संदेश म्हणजे फसवणूक. करखाती असे संदेश पाठवून खाते क्रमांक मागत नाहीत.

चेकआउटला कर कापला जाणे अनेकांना खुपते. आमच्या मते गुप्ततेच्या दृष्टीने तीच सर्वात सुरक्षित खरेदी आहे. कर तिथेच फिटला की राज्याला तुमचे नाव शोधायचे कारणच उरत नाही.

सहावी पायरी: दुकानाकडे राहणारी माहिती आटोक्यात ठेवा

राज्यापेक्षा जास्त माहिती दुकानाकडे असते, आणि ती जाहिरातदारांकडेही जाते. इथेही कायदा राज्यागणिक आहे. कॅलिफोर्नियाचा ग्राहक-गोपनीयता कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. व्हर्जिनिया आणि कोलोरॅडोत २०२३ मध्ये, टेक्सासमध्ये जुलै २०२४ मध्ये, न्यू जर्सीत १५ जानेवारी २०२५ ला असे कायदे लागू झाले. हक्क साधारण सारखे: काय साठवले ते पाहणे, चुकीचे दुरुस्त करवणे, पुसायला सांगणे, विक्रीला मनाई करणे. अगदी छोटी दुकाने बहुधा या कायद्यांच्या कक्षेबाहेर असतात.

आधी आपली माहिती मागवा, मग पुसायला सांगा. उलट केले तर स्वतःच्या पावत्याच हातच्या जातील. मोठ्या दुकानांच्या खात्यात गोपनीयतेच्या भागात माहिती मागवण्याची सोय असते. उत्तर द्यायला साधारण ४५ दिवसांची मुदत, ती आणखी ४५ दिवस वाढू शकते. विनंतीत तुमचे राज्य, खात्याचा ईमेल आणि नेमका कोणता हक्क वापरता ते लिहा. ओळखपत्राची प्रत लगेच पाठवू नका. खात्यात लॉग-इन करून विनंती केली तर सहसा तिची गरज पडत नाही.

पुसायची विनंती मान्य झाली तरी बिले राहतील. करकायद्याने दुकानाला हिशेब ठेवावेच लागतात, न्यू यॉर्कमध्ये किमान ३ वर्षे, कॅलिफोर्नियात ४. गोपनीयता कायद्यांनीही कायदेशीर बंधनासाठी ठेवलेली माहिती वगळली आहे. पुसली जाते ती पाहिलेल्या वस्तूंची यादी, शोधलेले शब्द, आवडींचा अंदाज. ते काही कमी नाही.

विक्रीला मनाई करायला संकेतस्थळाच्या अगदी तळाशी ‘डू नॉट सेल ऑर शेअर’ अशी लिंक असते. प्रत्येक दुकानात जाऊन ती दाबण्यापेक्षा ब्राउझरमध्ये ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल सुरू करा, म्हणजे माझी माहिती विकू नका असे ब्राउझरच प्रत्येक संकेतस्थळाला कळवतो. हा संकेत कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोत मोठ्या दुकानांना पाळावाच लागतो. ब्रेव्ह आणि डकडकगो ब्राउझरमध्ये तो आधीच सुरू असतो. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या गोपनीयता विभागात एक चौकट आहे.

सातवी पायरी: चुकीचा कर लागला तर

एडिसनच्या पत्त्यावर साध्या कुर्त्याला कर लागला, असे समजा. बहुधा विक्रेत्याने वस्तू नोंदवताना चुकीचा वर्ग निवडलेला असतो. बिलाची प्रत आणि वस्तूच्या पानाचे चित्र जतन करा. मग ज्याने कर गोळा केला त्याला लिहा. मार्केटप्लेसवर तो मंच असतो, छोटा विक्रेता नव्हे. विक्रेत्याशी भांडून काही होत नाही, कारण कराचे पैसे त्याच्या हातून गेलेलेच नसतात.

दुकानाने ऐकले नाही तर न्यू जर्सीत ए-३७३० आणि न्यू यॉर्कमध्ये एयू-११ हा अर्ज भरून ग्राहक थेट राज्याकडे मागणी करू शकतो. न्यू जर्सीत मुदत ४ वर्षे, न्यू यॉर्कमध्ये ३. टेक्सासमध्ये आधी विक्रेत्याकडे जावे लागते. तो परत देत नसेल तर परतावा मागायचा हक्क त्याच्याकडून ००-९८५ या अर्जाने आपल्या नावे लिहून घ्यायचा आणि मग राज्याकडे जायचे. या अर्जांना बिल जोडावे लागते, म्हणजे काय घेतले ते राज्याला तुम्ही स्वतःच दाखवता. वस्तू खासगी असेल तर दोन डॉलरसाठी ते करायचे का, हे आधी ठरवा.

माल परत केलात तर कराचीही रक्कम परत आली का ते तपासा. पॉइंट आणि गिफ्ट कार्ड मिसळून पैसे दिले असतील तिथे ती हमखास तपासावी.

मंडळांसाठी

महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाची खरेदी करणाऱ्या कार्यकर्त्यांना एक समज असतो: संस्था ५०१(सी)(३), म्हणजे केंद्राने मान्य केलेली धर्मादाय संस्था आहे, तर कर नाही. ती सूट केंद्राच्या प्राप्तिकराची. न्यू जर्सीत सेल्स टॅक्सची सूट हवी असेल तर संस्थेला राज्याकडे वेगळा अर्ज करून एसटी-५ प्रमाणपत्र मिळवावे लागते, आणि पैसे संस्थेच्या खात्यातून जावे लागतात. कार्यकर्त्याने स्वतःच्या कार्डावर मखर मागवून मंडळाकडून नंतर पैसे घेतले तर सूट लागू होत नाही. टेक्सासमध्येही राज्याकडून मान्यता लागते, मग विक्रेत्याला ०१-३३९ अर्जाच्या मागच्या बाजूचे प्रमाणपत्र भरून द्यायचे. कॅलिफोर्नियात अशा संस्थांना खरेदीवर सरसकट सूटच नाही. बे एरियातल्या मंडळाने अंदाजपत्रकात कर धरूनच चालावे.

मोठ्या मंचांवर संस्थेचे वेगळे व्यावसायिक खाते उघडून प्रमाणपत्र एकदाच चढवता येते. ते तपासून मंजूर व्हायला थोडे दिवस जातात, म्हणून हे काम श्रावणातच उरकून घ्या. त्या खात्यावर घरचे सामान मागवू नका. संस्थेचे प्रमाणपत्र वापरून घेतलेला घरचा मिक्सर लेखापरीक्षणात सापडला तर कर, व्याज आणि दंड तिन्ही लागतात, आणि तिथे बिलावरचे नाव आणि वस्तू दोन्ही राज्य पाहू शकते.